एकट्याला दिसणारी जाहिरात

“हे कुणी लिहिलंय?” पडद्यावरच्या ओळीकडे बोट दाखवत हेमांगी सरनोबतने विचारलं.

ओळ अशी होती : ‘अत्याधुनिक स्पंदन-तंत्रज्ञानाने युक्त, गुडघेदुखीवरील सर्वंकष उपाय – चालना पट्टा!’

समोर बसलेल्या नव्या लेखकांपैकी एका मुलीने दबकत हात वर केला.

“शुद्धलेखन एकदम बरोबर आहे तुझं. पण मला सांग, तुझी आई गुडघा धरून जिन्याच्या खालच्या पायरीशी उभी आहे. तिला तू ‘सर्वंकष उपाय’ म्हणशील?”

सगळे हसले. मुलगीही हसली. “नाही. मी म्हणेन, आई, आता गच्चीवर पापड घालायला तुझी तू जाशील.”

“झालं! हेच लिही. आणि ते उद्गारचिन्ह काढ. आपण ओरडलो की लोक कान झाकतात.”

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या ‘अक्षरवेध’ या जाहिरात कंपनीत हेमांगी मजकूर विभागाची प्रमुख होती. चाळिशीला अजून अवकाश होता, पण नाव पार पुण्या-मुंबईपर्यंत गेलेलं. तिची शिकवण साधी असायची. लाखांसाठी लिहायचं असलं तरी डोळ्यांपुढे एकच माणूस ठेवा. वस्तूत काय काय भरलंय ते नंतर; ती घरात आल्यावर त्या माणसाची सकाळ कशी बदलेल ते आधी सांगा. एका जाहिरातीत एकच गोष्ट मागा. ‘फोन करा, नाहीतर दुकानात या, नाहीतर पत्ता कळवा’ म्हटलं की माणूस काहीच करत नाही. विशेषणं आवरा, पुरावा द्या. आणि सगळ्यात शेवटी ती हमखास सांगायची, की ही वस्तू कुणी घेऊ नये तेही लिहा.

“म्हणजे आलेलं गिऱ्हाईक घालवायचं?” प्रत्येक तुकडीत कुणीतरी विचारायचंच.

“एकाला ‘हे तुझ्यासाठी नाही’ म्हणून बघ. बाकीच्यांना तुझं ‘हे तुझ्यासाठी आहे’ तेव्हाच खरं वाटतं.”

चालनाच्या मूळ मजकुरातही तिने तशी ओळ घातली होती. चालना हा सांगलीजवळच्या एका नव्या कंपनीने काढलेला, गुडघ्याच्या वर बांधायचा पट्टा. विजेच्या मंद लहरींनी तो मांडीच्या स्नायूंना व्यायाम घडवायचा. स्नायू बळकट झाले की झिजलेल्या गुडघ्यावरचा भार हलका व्हायचा. चाचण्यांत तो नीट उतरला होता. हेमांगीची ओळ होती : ‘पोटरी सुजली असेल, हाताला गरम लागत असेल, तर पट्टा बांधू नका. आधी डॉक्टरांकडे जा.’

मात्र हा मूळ मजकूर जसाच्या तसा कुणालाच दिसणार नव्हता. तो ‘पडसाद’च्या हवाली व्हायचा होता.

पडसाद ही झाकिया मुजावरने बनवलेली संगणकप्रणाली. झाकिया गणितातून या धंद्यात आलेली, बोलायला कमी. त्या दुपारी नव्या लेखकांना पडसाद समजावून सांगायचं काम मात्र तिने हौसेने केलं.

“आजवर आपण काय करायचो? दोन मथळे लिहायचे. अर्ध्या लोकांना हा दाखवायचा, अर्ध्यांना तो. जो जास्त चालेल तो ठेवायचा. म्हणजे आपण सरासरी माणसाला लिहायचो. आता मला सांगा, हा सरासरी माणूस राहतो कुठे? त्याचा पत्ता आजवर कुणाला सापडलेला नाही.”

पडसाद प्रत्येक माणसाचं एक ‘बिंब’ बनवायचं. वाचताना बोट कुठे मंदावतं, कुठली ओळ माणूस पुन्हा वर जाऊन वाचतो, कुठल्या शब्दाला पान बंद करतो, मनगटावरच्या घड्याळात नाडी कुठे जरा जोरात उडते, हे सगळं टिपलं जात होतं. परवानगीच्या लांबलचक पानावर कधीतरी ‘मान्य’ म्हणून गेलेल्या प्रत्येकाचं. त्याने लिहिलेले निरोपही त्यातच आले. एवढ्यावरून माणसाच्या विचारांची नक्कल होत नसे. ते अजून कुणालाच साधलेलं नव्हतं. नक्कल व्हायची ती त्याच्या सवयींची. कशावर तो थांबेल, कशाला पाठ फिरवेल, एवढं बिंबाला अचूक सांगता यायचं. मग पडसाद मूळ मजकुराची शेकडो रूपं लिहायचं, ती बिंबापुढे धरायचं, आणि ज्या रूपाला बिंबाने मान डोलावली तेवढंच खऱ्या माणसाच्या फोनवर जायचं. हे सगळं पापणी लवायच्या आत.

“थोडक्यात काय, माणसाला विचारायच्या आधी त्याच्या आरशाला विचारायचं,” झाकियाने समारोप केला.

हेमांगीला त्यात आपल्याच शिकवणीचा विजय दिसत होता. एका माणसासाठी लिहा, असं ती घसा फोडून सांगत आली होती. आता खरोखरच प्रत्येकाला त्याच्या मापाची जाहिरात मिळणार होती.

आणि तसंच झालं. चालना बाजारात आला आणि अशी मागणी उसळली की कारखान्याला दुसरी पाळी लावावी लागली. ‘अक्षरवेध’चा मालक निनाद वाळिंबे हा हेमांगीचा कॉलेजपासूनचा मित्र. तो पेढ्यांचा पुडा घेऊन मजकूर विभागात शिरला.

“हेमा, तुम्ही दोघींनी मिळून या धंद्याचं व्याकरणच बदललंत.”

“व्याकरण तेच आहे रे,” पेढा उचलत ती म्हणाली. “फक्त आता आपला बाण चुकत नाही.”

पुढच्या रविवारी ती सांगलीला उजूआत्याकडे गेली. उज्ज्वला शिर्के ही तिच्या वडिलांची धाकटी बहीण. हेमांगीची आई लवकर गेली, वडिलांची नोकरी फिरतीची, तेव्हा तिला वाढवलं ते आत्याने. आत्या शाळेत खेळ शिकवायची. मुलींची कबड्डी हा तिचा श्वास. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी विश्रामबागेतल्या मैदानावर रोज सकाळी तिची शिट्टी वाजायची. यजमान रघुनाथराव वारल्यापासून ती एकटी राहायची आणि त्याबद्दल कुणी हळहळलेलं तिला मुळीच खपायचं नाही.

दार उघडायला आली ती डावा पाय ओढत. पायाला, गुडघ्याच्या खाली, निळा पट्टा.

“बघ, तुझा चालना! म्हटलं, आपल्या पोरीचं काम आहे, मागवून तरी बघू.”

“अगं, पण हा गुडघ्याच्या वर बांधायचा.”

“गुडघ्याला काय धाड भरलीय? पोटरी दुखतेय. नागपूरला पंच म्हणून गेले होते ना, येताना गाडीत बसून बसून आखडली. म्हणून जरा खाली सरकवला.”

हेमांगीने वाकून पोटरीला हात लावला. ती तट्ट फुगली होती, आणि गरम लागत होती. स्वतःची ओळ तिला शब्दन्‌शब्द आठवली.

“आत्या, पाय असा असेल तर पट्टा बांधू नका, असं जाहिरातीत लिहिलंय.”

“काही नव्हतं लिहिलेलं.”

“मीच लिहिलंय ते!”

“मग मला का नाही दिसलं? मी काय आंधळी आहे?” आत्याने फोन तिच्या पुढ्यात धरला. “हे घे, तूच बघ.”

हेमांगीने वाचलं.

‘मैदान सोडलं तरी खेळाडूचं अंग हार मानत नाही.
आखडलेल्या पायाला हवी असते फक्त साथ.
रोज थोडा वेळ चालना. सकाळी मुली वाट बघतायत.’

त्याखाली ‘मागवा’ असं ठळक बटण. बटणाच्या खाली, पडद्याच्या पार तळाशी, फिकट अक्षरांत ‘वापराविषयी’. त्यावर बोट ठेवल्यावर उघडणाऱ्या पानाच्या शेवटी तिची ओळ होती.

पहिल्या क्षणी तिच्यातली लेखिका थक्क झाली. इतकी नेमकी जाहिरात आत्यासाठी तिला स्वतःलाही लिहिता आली नसती. दुसऱ्या क्षणी तिच्या अंगावर काटा आला. जाहिरातीत खोटं काहीच नव्हतं. आत्या तीन ओळींच्या पुढे वाचत नाही आणि ‘डॉक्टर’ शब्द दिसला की पान बंद करते, हे बिंबाला ठाऊक होतं. म्हणून पडसादने तो शब्द तिच्या वाटेतून उचलून बाजूला ठेवला होता. लपव, असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मागणी वाढव, एवढंच सांगितलं होतं.

तिने तिथूनच मिरजेच्या डॉक्टर इनामदारांना फोन लावला. रघुनाथरावांच्या वेळेपासून घरच्यासारखे असलेले डॉक्टर. त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले आणि त्यांचा आवाज बदलला. “पट्टा आधी काढा. पाय चोळू नका, शेकू नका. शिरेत रक्ताची गुठळी असणार. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल. आत्ताच्या आत्ता घेऊन या.”

आत्याने पट्टा काढला, पण जागची हलेना.

“आज मुलींची निवड आहे. उद्या बघू.”

“आत्या, उद्यापर्यंत थांबायची गोष्ट नाहीये ही.”

“इनामदारांचं काय ऐकतेस? त्यांना सगळीकडे आजारच दिसतो.”

हेमांगीने समजावलं, आवाज चढवला, हात जोडले. शेवटी तिचे डोळे भरून आले. आत्या खुर्चीत ताठ बसून राहिली. “तू लोकांना वस्तू विकतेस ना, तशी मला नको विकूस,” एवढं बोलून तिने तोंड फिरवलं.

हेमांगी गॅलरीत आली. तिने झाकियाला फोन लावला.

“एका माणसाला दवाखान्यात जायला राजी करायचंय. पडसाद लिहील?”

“न लिहायला काय झालं? त्याला पट्टा काय नि दवाखाना काय. कोण आहे?”

“माझी आत्या.”

पलीकडे कळफलक वाजायला लागला. मग झाकिया म्हणाली, “थांबा. देते.”

मजकूर आला.

‘उद्या बघू, असं रघुनाथराव म्हणाले होते. तुम्ही त्यांचं ऐकलंत.
आज हेमांगीने तुमचं ऐकायचं का?’

खाली पडसादचा शेरा होता : बिंबाचा होकार जवळपास निश्चित.

हेमांगीने कठडा धरला. रघुनाथरावांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा त्यांनी दवाखाना एक दिवस पुढे ढकलला होता. नेलं तेव्हा उशीर झालेला. आत्या हे घरात कधीच बोलली नव्हती. पण जुन्या मैत्रिणींना दर वर्षी त्या तिथीला ती काहीतरी लिहीत असणार, आणि पडसादने ते वाचलं होतं. ज्या जखमेवर हेमांगीने आयुष्यात कधी बोट ठेवलं नसतं, तिच्यावर यंत्राने सरळ अंगठा दाबला होता.

आणि हा मजकूर लागू पडणार होता. एक बटण दाबायचं, आत्याच्या फोनवर तो आपसूक उमटला असता. कुणी लिहिला, कशासाठी, तिला कधी कळलंही नसतं. दहा मिनिटांत दोघी गाडीत असत्या. तिचं बोट बटणावर गेलंसुद्धा. पण आज जीव वाचवायला हे केलं, तर उद्या आत्याने औषध वेळेवर घ्यावं म्हणून करावं लागेल, परवा तिने कोल्हापूरला राहायला यावं म्हणून. मग आत्या जे ‘हो’ म्हणेल, ते आत्याचं उरेल का?

तिने ठरवलं. हे आत्याला उघड दाखवायचं. आणि तरीही ती हटली नाही, तर मात्र पाठवायचं. मन साफ ठेवायच्या हट्टापायी ती आत्याचा जीव पणाला लावणार नव्हती.

ती आत आली आणि फोन आत्याच्या हातात दिला.

आत्याने चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

“हे तू लिहिलंस?”

“यंत्राने लिहिलं. ज्याने तुला ती मैदानाची जाहिरात दाखवली, त्यानेच. मी हे गुपचूप तुझ्या फोनवर पाठवू शकले असते. तू उठून गाडीत बसली असतीस.”

“मग पाठवलं का नाहीस?”

“तुझ्याशी असं वागायचं नव्हतं मला. पण खरं सांगते आत्या, आता तू नाही म्हणालीस तर पाठवीन.”

“धमकी देतेस होय गं मला?”

“हो.”

आत्या तिच्याकडे रोखून बघत राहिली. “आणखी काय काय ठाऊक आहे या मेल्याला माझ्याबद्दल?”

हेमांगीने तिच्या बिंबाचं पान उघडलं. झाकियाने ते साध्या मराठीत वाचता येईल असं केलेलं होतं. ‘आराम करा म्हटलं की चिडते. खेळाचा उल्लेख आला की दोनदा वाचते. दवाखाना, डॉक्टर, तपासणी हे शब्द आले की पान बंद करते. कुणावर भार होण्याची धास्ती वाटते.’

शेवटच्या ओळीपाशी आत्याचं बोट थांबलं. मग चष्मा काढून म्हणाली, “चढाईला गेलेल्या पोरीला समोरचे सातही जण दिसतात गं. कोपऱ्यात कोण, मध्यात कोण. दिसतात म्हणून तर तो खेळ. इथं पकड केवढी घट्ट, आणि धरलंय कुणी तेच दिसत नाही! हा कसला खेळ म्हणायचा?”

ती खुर्चीचा हात धरून उभी राहिली.

“काढ गाडी. ह्यांचं नाव घेऊन यंत्र मला दवाखान्यात घालणार काय? मी माझी जाते.”

डॉक्टर इनामदारांचा अंदाज खरा निघाला. पोटरीच्या खोल शिरेत गुठळी होती. रक्त पातळ करायचं औषध लगेच सुरू झालं. “अगदी वेळेत आणलंत,” डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी हेमांगी चहा घेऊन खोलीत गेली तेव्हा आत्या पलंगावर पडल्या पडल्या फोनवर मुलींची निवड उरकत होती. “ती डावीकडची घे. नाही नाही, उंच नको, जिची नजर स्थिर आहे ती!” हेमांगी दाराशीच उभी राहिली आणि तिला एकदम रडू कोसळलं. आत्याने फोनवर हात ठेवून तिला दटावलं, “रडतेस काय? चहा सांडशील.”

दुसऱ्या दिवशी हेमांगी निनादच्या खोलीत गेली ती दार न वाजवताच. सगळं ऐकून निनादचा चेहरा उतरला. त्याने झाकियाला बोलावून घेतलं.

“असे आणखी किती असतील?”

झाकियाने शोधून आणलं. आकडा हजारांत होता. ज्यांच्या बिंबांनी ती ओळ नाकारली होती, त्या सगळ्यांच्या जाहिरातीतून ती खाली ढकलली गेली होती. निनादने क्षणाचाही विचार केला नाही. पुढचे काही दिवस ‘अक्षरवेध’मध्ये दुसरं कुठलंच काम झालं नाही. नव्या लेखकांपासून मालकापर्यंत सगळे फोन घेऊन बसले आणि हेमांगीची ती ओळ, एकही शब्द न बदलता, माणसामाणसाला वाचून दाखवत राहिले. त्यातले काही जण तसेच उठून डॉक्टरांकडे गेले.

काम उरकल्यावर निनाद थकून म्हणाला, “धोक्याच्या ओळीला आता पडसाद हात लावणार नाही. ती सगळ्यांना सगळ्यात वर दिसेल. मिटलं.”

“नाही मिटलं. आज ही ओळ सापडली, कारण ती माझ्या आत्याच्या पायावर निघाली. उद्या दुसरं काहीतरी गळेल आणि कुणालाच कळणार नाही. निनाद, पूर्वी जाहिरात भिंतीवर रंगवायचे. तिच्यात फसवाफसवी असली की पानाच्या टपरीवर कुणीतरी म्हणायचंच, ‘त्याचं काही खरं नाही हं.’ एकाला गंडवायचं तर अख्ख्या गल्लीदेखत गंडवावं लागायचं. आत्याची जाहिरात जगात फक्त आत्याने बघितली. मजकूर माझा, पण मीसुद्धा बघितली नव्हती. तिला साक्षीदारच नव्हता.”

“मग करायचं काय? सगळ्यांना पुन्हा एकच जाहिरात?”

“नाही. पडसाद राहू दे, चांगलं आहे ते. आत्याशी मैदानाच्या भाषेत बोलणं यात वाईट काय? पण एक, प्रत्येक जाहिरातीबरोबर साध्या मराठीत लिहायचं की ही तुम्हाला अशी का दिसतेय. स्वतःचं बिंब ज्याचं त्याला उघडून बघता आलं पाहिजे. आणि दोन, एका वस्तूची जेवढी रूपं आपण दाखवली, ती सगळी, लोकांची नावं काढून, एका उघड्या पानावर ठेवायची. वाटेल त्याने येऊन वाचावं. नावही ठरवलंय. चव्हाटा.”

निनाद कसनुसा हसला. “जादूगाराने आपली पोतडी उघडून दाखवायची? मग खेळ कोण बघणार?”

“माझी आत्या पोतडी बघूनच उठली, निनाद. बंद पोतडीने तिला खुर्चीत बसवून ठेवलं होतं.”

“कारखानेवाले नाही ऐकायचे.”

“त्यांना पटवायचं काम माझं. दुसरं येतंय काय मला?”

कारखान्याच्या बैठकीला ती एकही तक्ता न घेता गेली. नव्या लेखकांना शिकवायची तेच तिने केलं. आपल्याला काय हवंय ते बाजूला ठेवून समोरच्याची सकाळ कशी बदलेल ते सांगितलं. “तुमचं गोदाम सध्या परत आलेल्या पट्ट्यांनी भरलंय. कारण पडसादने तो ज्यांना नको होता त्यांनाही विकला. सकाळी गोदाम उघडल्यावर ते रिकामं दिसावं, असं वाटतं का तुम्हाला? मग चव्हाट्यासाठी मला फक्त सांगली जिल्हा द्या. बाकी सगळीकडे तुमचं चाललंय तसं चालू दे, फक्त धोक्याची ओळ वर ठेवून.” तिने एकच गोष्ट मागितली होती. ती मिळाली.

पहिले काही आठवडे सांगलीची मागणी घसरली. निनाद रोज आकडे बघायचा आणि मान हलवायचा. हेमांगीला रात्री नीट झोप लागायची नाही, पण तोंडाने तिने तसं कधी कबूल केलं नाही.

मग एक गंमत व्हायला लागली. लोक चव्हाट्यावर जाऊन जाहिराती वाचायला लागले, आणि वाचून एकमेकांना दाखवायला लागले. तुला काय म्हणाली? मला तर असं म्हणाली! सासूला नातवंडांची भाषा, सुनेला वेळ वाचवायची. एका निवृत्त फौजदाराला जाहिरात ‘साहेब’ म्हणत होती. त्याच्या बायकोने ते साऱ्या कॉलनीला सांगितलं. स्वतःचं बिंब वाचून कुणी चिडलं, कुणी ते सरळ पुसून टाकलं. तीही सोय झाकियाने दिली होती. पण ज्यांनी बोलून, विचारून, चारचौघांत हसून मग पट्टा घेतला, त्यांनी तो परत पाठवला नाही. मिरजेचे डॉक्टर आपणहून ‘तुम्हाला चालेल, घ्या’ म्हणायला लागले, कारण कुणी घेऊ नये ते आता जाहिरातीतच सगळ्यात वर होतं. तोंडी सांगण्याइतकी जुनी आणि जोरकस जाहिरात दुसरी नाही. ती सांगलीत घरोघरी सुरू झाली होती.

वर्ष उलटता उलटता चालनाच्या कंपनीने चव्हाटा सगळीकडे लागू केला. ‘अक्षरवेध’ची काही गिऱ्हाइकं मात्र सोडून गेली. पोतडी उघडणं त्यांना परवडणारं नव्हतं. गेलेल्यांची नावं वाचताना निनाद म्हणाला, “यांचं नक्की काय होतं गं पोतडीत?” त्यानंतर त्याने त्यांना परत बोलवायचा विषय काढला नाही.

एका रविवारी उजूआत्याने हेमांगीला विश्रामबागेच्या मैदानालगतच्या सभागृहात बोलावलं. आत्या आता दोन्ही पायांवर सारखा भार टाकून चालत होती. सभागृहात पन्नासेक माणसं जमलेली. आत्याने भरवलेला तो ‘चव्हाटा वाचन’ कार्यक्रम होता. एकेक जण उठून आपल्याला दिसलेली जाहिरात मोठ्याने वाचायचा, मग बिंबाचं कारण वाचायचा, आणि घरचे लोक ते खरं की खोटं ते सांगायचे. एका आजोबांना चालनाने सकाळच्या फेरफटक्याचं स्वप्न दाखवलं होतं. आजी ताडकन उठल्या. “साफ चूक! यांना फिरायचं नसतं, टपरीवर जाऊन भजी खायची असतात.” हशा पिकला. आजोबा म्हणाले, “मग तसं लिहायचं की! आणखी लवकर घेतला असता.”

त्या गडबडीत मागून कुणीतरी विचारलं, “हेमांगीताई, तुमचं बिंब काय म्हणतं?”

हेमांगी गडबडली. दुसऱ्यांची शेकडो बिंबं तिने वाचली होती, स्वतःचं कधीच उघडलं नव्हतं. वेळ मिळाला नाही, असं ती म्हणणार होती. पण समोरच्या चेहऱ्यांकडे बघून तिने फोन काढला, पान उघडलं आणि न वाचताच आत्याच्या हातात दिलं.

आत्याने चष्मा लावला आणि मैदानावर घुमायच्या त्या आवाजात वाचलं, “‘हिला काही विकायचं असेल, तर आधी म्हणा : तुम्हाला कुणी पटवू शकत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.’”

सभागृह हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. हेमांगीचे कान तापले. नुकतीच तिने हौसेने मागवलेली लिहिण्याची खुर्ची तिला आठवली. जाहिरात होती, ‘तुमच्यासारख्यांना जाहिरात दाखवण्यात अर्थ नाही. फक्त बसून बघा.’ ती खुर्ची आपण पूर्ण विचार करून घेतली, असं तिने निनादला ठासून सांगितलं होतं.

तिने ते सगळ्यांना सांगून टाकलं. पुन्हा हशा झाला, आणि त्यात ती स्वतः सगळ्यात मोठ्याने हसली.

आत्याने फोन परत दिला आणि जरा वाकून हळूच विचारलं, “पण खुर्ची बरी आहे का?”

“फार छान आहे गं.”

“मग मलाही एक मागव,” आत्या म्हणाली आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारायला व्यासपीठाकडे वळली.